'माइट बी ड्यू टू' कधी लिहावे आणि कधी लिहू नये?

काळीमाती
नमस्कार. मी मृदाशास्त्रात पीएच.डी. करते आहे. सोयाबीनला शिफारशीत खतमात्रेसोबत गांडूळखत दिले तर उत्पादनात काय फरक पडतो, हे मी सलग दोन खरीप हंगामांत काळ्या जमिनीवर तपासले. त्यावरचा शोधनिबंध एका इंग्रजी नियतकालिकाकडे पाठवला होता, तो गेल्या आठवड्यात परीक्षकांच्या शेऱ्यांसह परत आला. 'चर्चा' या भागात मी चौदा ठिकाणी 'माइट बी ड्यू टू', म्हणजे 'कदाचित यामुळे असेल', असे लिहिले होते आणि परीक्षकांनी त्या चौदाही जागांवर खूण केली आहे.

एक उदाहरण देते. मी लिहिले होते की उत्पादनातील वाढ 'माइट बी ड्यू टू बेटर अव्हेलेबिलिटी ऑफ न्यूट्रिएंट्स'. त्यावर शेरा आहे, 'उपलब्ध नत्र आणि स्फुरद तुम्ही स्वतः मोजले आहे, त्याचा तक्ताही दिला आहे. मग शंका नेमकी कशाची?' पुढच्याच परिच्छेदात मात्र 'गांडूळखताने मुळांची वाढ सुधारली' असे ठाम वाक्य आहे, आणि तिथे शेरा आहे, 'मुळे कधी मोजली?' मुळे मी मोजलेली नाहीत. जिथे मोजमाप होते तिथे मी शंका लिहिली आणि जिथे मोजमाप नव्हते तिथे खात्री लिहिली, हे शेरे वाचेपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते.

कारणांविषयी लिहिताना इंग्रजीत सावधपणा कुठे आणि किती ठेवावा, याबद्दल इथल्या जाणकारांचे अनुभव वाचायला आवडतील.

निवृत्त_प्राध्यापक
हे वाक्य तुम्ही शोधलेले नाही, ते तुमच्यापर्यंत वारशाने आले आहे. कृषी विषयांतील प्रबंधांमध्ये 'धिस माइट बी ड्यू टू' आणि त्यापाठोपाठ 'सिमिलर फाइंडिंग्ज वेअर रिपोर्टेड बाय' ही जोडी इतकी रुळलेली आहे की विद्यार्थी आधीच्या प्रबंधातून ती जशीच्या तशी उचलतात. मी स्वतः तीस वर्षे विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचले आणि अनेकदा हे वाक्य तसेच जाऊ दिले, याची आज खंत वाटते. सुरुवातीला त्यामागे नम्रता होती, कारण दोन हंगामांच्या प्रयोगावरून मोठे विधान करू नये असे आम्हाला शिकवले गेले होते. पुढे त्यातली नम्रता गेली आणि नुसता साचा उरला.

शब्दवेध
मी शास्त्रीय लेखांच्या इंग्रजी संपादनाचे काम करते. मराठी माणसाच्या इंग्रजीत ही अडचण कुठून येते, याचा मी बराच विचार केला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मराठीत सावध बोलायला साधने कमी आहेत असे मुळीच नाही. सकाळी दार उघडल्यावर अंगण ओले दिसले तर आपण 'रात्री पाऊस पडला असावा' म्हणतो. अंगण पाहिलेलेच नसेल, नुसते आभाळ भरलेले होते एवढे आठवत असेल, तर 'पडला असेल' म्हणतो. नदीला पूर आलेला पाहिला की 'वर कुठेतरी जोराचा पाऊस पडला असणार' म्हणतो. असेल, असावा, असणार या तीन रूपांमध्ये पुराव्याची तीन वजने आहेत आणि शाळेत न गेलेला माणूसही ती बिनचूक वापरतो. इंग्रजीत त्यांच्या जवळ जाणारी रूपे अनुक्रमे 'मे हॅव', 'प्रॉबेबली' किंवा 'अपिअर्स टु हॅव' आणि 'मस्ट हॅव' ही आहेत. आपण मात्र या तिन्हींसाठी एकच 'माइट बी' वापरतो आणि घरात असलेले बारकावे उंबऱ्याबाहेर पडताना मागे ठेवतो.

दुसरी गोष्ट 'शकते' या क्रियापदाची. 'युरिया जास्त झाला तर पीक लोळू शकते' हे सर्वसाधारण विधान आहे आणि त्याला इंग्रजीत 'कॅन' लागते, कारण असे घडते हे माहीत आहे. 'या शेतातले पीक युरियामुळे लोळले असावे' हे एका घटनेच्या कारणाविषयीचे अनुमान आहे, तिथे 'मे हॅव' किंवा 'प्रॉबेबली' लागते. मराठी लेखक दोन्हीकडे 'कॅन' किंवा दोन्हीकडे 'मे' लिहितात. 'कुड'चा घोळ त्याहून मोठा, कारण त्यातून 'शक्य आहे' आणि 'पूर्वी शक्य होते' असे दोन्ही अर्थ निघतात; शास्त्रीय लेखात मी तो शक्यतो बदलते.

'मस्ट हॅव'विषयी एक इशारा. ते फार ठाम वाटते, पण प्रत्यक्षात ते साध्या विधानाहून दुबळे आहे. पाऊस डोळ्यांनी पाहिलेला माणूस 'पडला असणार' म्हणत नाही, तो 'पडला' म्हणतो. इतर सगळी कारणे एकेक करून बाद केली असतील तरच ते लिहावे.

नवखा_संशोधक
'माइट' हा 'मे'चा भूतकाळ आहे असे शाळेत शिकवले होते. मग भूतकाळातल्या प्रयोगाविषयी लिहिताना 'माइट' वापरणे बरोबर नाही का?

शब्दवेध
शाळेतला तो नियम 'तो म्हणाला की...' अशा अप्रत्यक्ष कथनापुरता आहे. आजच्या शास्त्रीय लेखनात दोन्ही शब्द शक्यताच दाखवतात आणि 'माइट' किंचित दुबळा समजला जातो. खरा फरक पुढे 'हॅव' आले की पडतो. 'द सीडलिंग्ज मे हॅव सर्व्हाइव्ह्ड' म्हणजे रोपे जगली की नाही हे आपल्याला माहीत नाही. 'द सीडलिंग्ज माइट हॅव सर्व्हाइव्ह्ड' याचा अर्थ बऱ्याचदा 'रोपे जगली असती, पण जगली नाहीत' असा घेतला जातो. पहिला अर्थ अभिप्रेत असताना दुसरे वाक्य लिहिले तर वाचणारा प्रयोग फसला असेच समजेल.

रुग्णालयातून
मी साथरोगशास्त्रात काम करतो. आमच्याकडे हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही, कारण एका क्रियापदावर लोक औषध घेतात किंवा सोडतात.

1950 मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर जो निबंध लिहिला, तो मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देतो. कर्करोगाचे 709 रुग्ण आणि तुलनेसाठी तितकेच दुसरे रुग्ण त्यांनी तपासले. निबंधात ते आधी एवढेच म्हणतात की दोन्ही गोष्टींमध्ये खरा संबंध आहे. त्यानंतर ते स्वतःच आक्षेप घेतात: याचा अर्थ धूम्रपानाने कर्करोग होतो असाच होत नाही, कारण कर्करोगामुळे माणसे धूम्रपान करू लागली असतील किंवा दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कारणातून आल्या असतील तरीही असाच संबंध दिसेल. मग या दोन्ही पर्यायांचा विचार करून ते शेवटी लिहितात की धूम्रपान हा या रोगाच्या उत्पत्तीतला एक घटक आहे, आणि तो महत्त्वाचा घटक आहे. 'एकमेव' कारण असे ते म्हणत नाहीत आणि 'कदाचित' असेही म्हणत नाहीत. मला त्या निबंधातला सावधपणा शब्दांपेक्षा वाक्यांच्या क्रमात जास्त दिसतो.

पुढे संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी, धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती दोन्ही आनुवंशिक जडणघडणीतून येत असतील, अशी शंका मांडली. शंका तर्काला धरून होती, पण पुरावा साठत गेला तशी ती टिकली नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या 1964 च्या अहवालात सिगारेट ओढणे हे पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाशी कार्यकारणभावाने जोडलेले आहे असे स्पष्ट लिहिले गेले. त्यानंतर 1969 मध्ये एका तंबाखू कंपनीच्या अंतर्गत टिपणात 'शंका हेच आपले उत्पादन आहे' असे लिहिलेले होते. पुरावा आल्यानंतरही धरून ठेवलेली सावध भाषा कोणाच्या उपयोगी पडते, हे त्या टिपणावरून कळते.

शक्यतांक
रुग्णालयातून यांच्याशी सहमत आहे, पण त्यांच्याच क्षेत्रातल्या एका सवयीवर माझा आक्षेप आहे. यादृच्छिक विभागणी केलेला, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेला प्रयोग नसेल तर कारणवाचक शब्द वापरू नयेत, 'असोसिएशन', म्हणजे नुसता संबंध, म्हणावे, असा काही मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांचा दंडक आहे. परिणाम असा होतो की लेखक सगळा अभ्यास कारण शोधण्यासाठीच करतो, विश्लेषणही त्याच हेतूने करतो, लिहिताना मात्र 'असोसिएशन' लिहितो आणि शेवटच्या परिच्छेदात लोकांनी काय खावे याचा सल्ला देतो. कारण नाही म्हणायचे आणि सल्ला मात्र कारण असल्यासारखा द्यायचा, हे मला पटत नाही. हार्वर्डचे मिगेल हर्नान यांनी 2018 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये हाच मुद्दा मांडला होता: आपला प्रश्न कारणाचा आहे हे उघड सांगा आणि उत्तर किती भरवशाचे आहे हे वेगळे सांगा. शब्द झाकल्याने पुरावा सुधारत नाही.

काळीमाती, तुमच्या निबंधाबद्दल एक विचारतो. तुमचे वाफे यादृच्छिक पद्धतीने वाटलेले होते ना?

काळीमाती
हो, यादृच्छिक गट रचना होती, प्रत्येक उपचाराच्या चार पुनरावृत्ती होत्या.

शक्यतांक
मग तुमच्यापुढे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि ते एकाच वाक्यात मिसळले आहेत. गांडूळखताने उत्पादन वाढले का, याचे उत्तर तुमच्या रचनेने दिलेले आहे. त्या शेतात, त्या दोन हंगामांत ते वाढले असेल तर 'गांडूळखताने उत्पादन वाढवले' असे लिहायला संकोच नको, तिथे 'इन्क्रीज्ड' हेच क्रियापद योग्य आहे. ते कोणत्या मार्गाने वाढले, नत्रामुळे, ओलाव्यामुळे की मुळांमुळे, याचे उत्तर त्या रचनेतून आपोआप मिळत नाही. जमिनीतले उपलब्ध नत्र वाढले आणि उत्पादनही वाढले, एवढ्यावरून नत्रामुळेच उत्पादन वाढले असे सिद्ध होत नाही, कारण त्याच वाफ्यांत ओलावाही वाढलेला असू शकतो. म्हणून परीक्षकांचा पहिला शेरा मला अर्धाच मान्य आहे. नत्र वाढले यात शंका नाही, पण त्या वाढीचा उत्पादनाशी जोडलेला दुवा अजून अनुमानच आहे. 'माइट' काढायचा आहे तो पहिल्या अर्ध्यातून.

रुग्णालयातून
शक्यतांक, आक्षेप बराचसा मान्य आहे. तरी एक उदाहरण सांगतो, जिथे 'असोसिएशन' हा शब्द मला प्रामाणिक वाटला. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला 2014 च्या उन्हाळ्यात मेंदूविकाराची लक्षणे असलेली 390 मुले दोन रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतली 122 दगावली. भारतीय आणि अमेरिकी रोगनियंत्रण संस्थांनी मिळून केलेला अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला आणि त्याच्या शीर्षकातच 'असोसिएशन' हा शब्द आहे. आजारी मुलांनी आदल्या चोवीस तासांत लिची खाल्लेली असण्याचे आणि रात्री जेवलेले नसण्याचे प्रमाण इतर आजारांसाठी दाखल झालेल्या मुलांपेक्षा पुष्कळ जास्त होते, शिवाय लिचीतल्या, रक्तातली साखर उतरवणाऱ्या विषारी घटकांच्या खुणा मुलांच्या लघवीत सापडल्या. सगळ्याच लिची खाणाऱ्या मुलांना हा आजार का होत नाही, हे त्यातून पूर्ण उलगडत नव्हते, म्हणून शीर्षक राखून लिहिलेले आहे. सल्ला मात्र स्पष्ट होता: मुलांना रात्री उपाशी झोपू देऊ नका, लिची कमी खाऊ द्या आणि दाखल होताच रक्तातली साखर सावरा. शीर्षक सावध आणि सल्ला ठाम असला तरी मला यात विसंगती दिसत नाही. उपाय निरुपद्रवी होता आणि वाट पाहण्याची किंमत मुलांच्या जिवाची होती.

शक्यतांक
हे उदाहरण मान्य. इथे लेखकांनी सल्ल्याचे कारणही सांगितले आहे, माझा राग ते न सांगणाऱ्यांवर आहे.

कोयनाकाठ
मी कराडजवळचा, भूशास्त्राचा विद्यार्थी होतो. आमच्या भागातल्या एका शब्दाची गोष्ट या धाग्याला जुळेल.

कोयना धरणात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागले, त्यानंतर धक्के जाणवू लागले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. धरणामुळे भूकंप झाला का, हा प्रश्न आमच्या घरी आजोबांपासून सगळ्यांनी विचारलेला आहे. इंग्रजी शास्त्रीय लेखनात आधी 'इन्ड्यूस्ड', म्हणजे धरणाने घडवून आणलेला, असा शब्द सरसकट वापरला जाई. पुढे कोयनेसारख्या ठिकाणांसाठी अभ्यासक 'ट्रिगर्ड' हा शब्द पसंत करू लागले. त्यामागचा विचार असा की खडकात ताण आधीपासून साठलेलाच होता आणि प्रस्तर तुटण्याच्या बेतात होता. पाण्याच्या वजनाने आणि खडकाच्या भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबाने त्यात थोडीच भर घातली, आणि ती निमित्त ठरली. मराठीत आपल्याकडे 'कारण' आणि 'निमित्त' असे दोन शब्द आयते आहेत. 'धरण कारण झाले' आणि 'धरण निमित्त झाले' यांतला फरक आजीलाही कळतो. या दोन इंग्रजी शब्दांमध्ये बदल झाला तो काही धीटपणा कमी झाला म्हणून नव्हे, धरणाचा वाटा किती हे अधिक नेमके सांगता यावे म्हणून झाला. पुढे तिथे जमिनीत तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खणले गेले, ते प्रत्यक्ष त्या खडकात काय चालले आहे हे पाहता यावे यासाठीच.

काळीमाती ताई, 'कदाचित' घालायचा की नाही याबरोबर 'कॉज' आणि 'काँट्रिब्यूट' यांतले कोणते क्रियापद निवडायचे, हाही विचार करा. कारण अनेकांपैकी एक असेल तर 'काँट्रिब्यूटेड टू' लिहून काम भागते, 'मे'ची गरज लागतेच असे नाही.

बातमीदार
हा सगळा नेमकेपणा वर्तमानपत्रापर्यंत येता येता कुठे गळतो, हे मी रोज पाहतो. मथळ्यात जागा कमी असते आणि पहिला बळी 'शक्यता' या शब्दाचा जातो. मात्र दोष सगळा आमचाच नाही. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये ब्रिटिश विद्यापीठांची 462 प्रसिद्धीपत्रके तपासली, तेव्हा सुमारे तेहेतीस टक्क्यांमध्ये कार्यकारणाचा दावा मूळ निबंधापेक्षा वाढवून लिहिलेला आढळला. म्हणजे अतिशयोक्ती पुष्कळदा विद्यापीठाच्या दारातूनच निघते.

जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले तेव्हा आमच्याकडे शैवालापासून क्षारतेपर्यंत सगळे तर्क एकाच दिवसात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या गुलाबी रंगद्रव्याचे कारण दिले. मी पहिल्या बातमीत 'शैवालामुळे' असे लिहिले होते. 'शैवालामुळे असावे' लिहिले असते तर आणखी दोनच अक्षरांची जागा लागली असती आणि बातमी खरी राहिली असती.

निवृत्त_प्राध्यापक
'असावे'ला तीन अक्षरे लागतात, पण मुद्दा सोळा आणे खरा आहे.

गिरिस्थानी
हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, या शब्दांना आकडेच जोडून दिले आहेत, हे इथे नोंदवतो. 'लाइकली' म्हणजे किमान 66 टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान 90, 'एक्स्ट्रीमली लाइकली' म्हणजे किमान 95. त्यांच्या अहवालांत मानवी प्रभावाविषयीचे वाक्य कसे बदलत गेले ते पाहण्यासारखे आहे. 1995 मध्ये पुराव्याचा कल मानवी प्रभाव दाखवतो एवढेच म्हटले होते. 2001 मध्ये 'लाइकली', 2007 मध्ये 'व्हेरी लाइकली', 2013 मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइकली', आणि 2021 मध्ये शंकेचा शब्द काढून मानवी प्रभावाने तापमान वाढले हे निर्विवाद आहे असे लिहिले. सव्वीस वर्षे लागली, पण प्रत्येक पायरीला पुरावा आहे.

नवखा_संशोधक
मग आपणही 'लाइकली' लिहून कंसात टक्के द्यावेत का?

शक्यतांक
टक्के काढण्याची रीत तुमच्या हाती असेल तरच. नाहीतर तो आकडा 'माइट'पेक्षा अधिक फसवा ठरेल.

माळढोक
पक्ष्यांच्या अभ्यासातले एक उदाहरण देतो, कारण 'द कॉज' असे छातीठोक कधी लिहिता येते ते त्यात दिसते. नव्वदच्या दशकात गिधाडे मोठ्या संख्येने मरू लागली तेव्हा भारतातल्या अभ्यासकांचा पहिला संशय संसर्गजन्य रोगावर होता आणि तो त्यांनी संशय म्हणूनच लिहिला होता. जानेवारी 2004 मध्ये नेचरमध्ये आलेल्या निबंधाच्या शीर्षकात मात्र डायक्लोफेनॅक या जनावरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधाचे अवशेष हे 'द कॉज' असे थेट म्हटलेले आहे. तसे म्हणण्याइतके त्यांच्या हाती होते. आंतरिक गाउट, म्हणजे आतल्या अवयवांवर युरिक आम्ल साचण्याचा विकार, झालेल्या 25 मृत गिधाडांपैकी सर्वांमध्ये औषधाचे अवशेष सापडले आणि तो नसलेल्या 13 पैकी एकातही सापडले नाहीत. त्यावर न थांबता त्यांनी औषध दिलेल्या जनावरांचे मांस पिंजऱ्यातल्या गिधाडांना खायला घालून तोच विकार उद्भवतो हे दाखवले.

शीर्षकाचा शेवटही पाहा, 'इन पाकिस्तान'. कारणाविषयी एकही डळमळीत शब्द नाही, पण नमुने जिथले होते तेवढ्याच भूभागाबद्दल विधान आहे. भारतातली मृत गिधाडे त्याच वर्षी वेगळ्या अभ्यासात तपासली गेली आणि 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे बंदी आली. आपण मर्यादा सांगताना क्रियापद मऊ करतो. त्यांनी मर्यादा ठिकाणाच्या नावात सांगितली.

शब्दवेध
माळढोक, हे मी पुढच्या कार्यशाळेत नक्की सांगणार. संपादनात मला रोज उलट दिसते. लेखक वाक्याच्या चारही कोपऱ्यांत शंका पेरतो: 'द रिझल्ट्स सीम टु सजेस्ट दॅट इट मे पॉसिबली बी'. यातला 'सजेस्ट' एकटा पुरतो. आणि 'इट इज अट्रिब्यूटेड टू' हे कर्मणी वाक्य मी नेहमी थांबवते, कारण कारण कोणी ठरवले हेच त्यातून कळत नाही. आपण ठरवले असेल तर 'वुई अट्रिब्यूट' लिहावे, दुसऱ्याने ठरवले असेल तर त्याचे नाव द्यावे.

काळीमाती
सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून चर्चेचा भाग नव्याने लिहिला. चौदापैकी अकरा ठिकाणचा 'माइट' गेला. त्या परिच्छेदाचा मराठी आशय असा आहे:

'गांडूळखताने दोन्ही हंगामांत सोयाबीनचे उत्पादन वाढवले. त्या वाफ्यांत उपलब्ध नत्र आणि स्फुरद अधिक होते, आणि पेरणीनंतर 45 दिवसांनी मुळांवरील गाठींचे वजनही अधिक होते. उत्पादनवाढीत या दोहोंचा वाटा असावा, मात्र जमिनीतला ओलावा मोजलेला नसल्याने त्याचा परिणाम यांपासून वेगळा काढता येत नाही. हे निष्कर्ष पावसावर घेतलेल्या पिकाचे आणि भारी काळ्या जमिनीचे आहेत.'

पहिल्या वाक्यात 'इन्क्रीज्ड', तिसऱ्यात 'प्रॉबेबली काँट्रिब्यूटेड'. मुळांच्या वाढीचे वाक्य काढून टाकले.

शक्यतांक
चांगले झाले आहे. एकच शंका: गाठींच्या वजनासाठी झाडे उपटली होती, तर मुळे तेव्हाच का मोजली नाहीत? परीक्षक हे विचारतील.

काळीमाती
गाठी तोडून घेतल्यावर मुळे तिथेच बांधावर टाकली होती. यंदा तिसरा हंगाम घेते आहे. 45 व्या दिवशी झाडे मातीच्या ढेकळासकट काढून, चाळणीवर धुऊन, मुळांची लांबी आणि कोरडे वजन घेणार आहे. ओलाव्यासाठीही दर पंधरवड्याला माती काढायचे ठरवले आहे.